'वर्ड पॉवर मेड ईझी' : संशोधन करायचं असेल तर हे पुस्तक किती वाचावं?

पेट, नेट किंवा सेटची तयारी सुरू केली की पहिल्या पंधरा दिवसांत कुणीतरी सांगतंच, "आधी व्होकॅब वाढव. नॉर्मन लुईस घे." मग बर्डीवर जाऊन ते जाडजूड पुस्तक आणलं जातं, पहिली काही पानं पेन्सिलने सोडवली जातात, आणि संशोधनाचे पेपर वाचणं 'इंग्रजी सुधारल्यावर' म्हणून पुढे ढकललं जातं. खापरखेडा, कोराडी, सावनेर या पट्ट्यातून नागपूरला शिकायला जाणाऱ्या आपल्यासारख्या मुलामुलींच्या बाबतीत हे ढकलणं कधीकधी वर्षभर चालतं. म्हणून या वेळी एखादी पद्धत समजावून सांगण्याऐवजी या एका पुस्तकाचं परीक्षण करतो. प्रश्न एकच आहे. ज्याला संशोधनाचे पेपर वाचायचे आहेत आणि सिनॉप्सिस लिहायचा आहे, त्याच्या कामाला हे पुस्तक किती येतं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पुस्तक चांगलं आहे, पण ते तुमच्यासाठी लिहिलेलं नाही.

पुस्तकात आहे काय?

नॉर्मन लुईस हे अमेरिकन लेखक. 'वर्ड पॉवर मेड ईझी' पहिल्यांदा 1949 साली आलं आणि आजही आपल्याकडे स्पर्धा परीक्षांच्या प्रत्येक दुकानात मिळतं. विषयवार प्रकरणं आहेत: स्वभावांची नावं, डॉक्टरांचे प्रकार, खोटं बोलणारे, बोलण्याच्या सवयी वगैरे. प्रत्येक प्रकरणात आधी दहा-एक मुख्य शब्द येतात. मग त्यांची लॅटिन-ग्रीक मुळं, त्या मुळांपासून निघालेले इतर शब्द, आणि मध्ये मध्ये भरपूर स्वाध्याय. लेखक सुरुवातीलाच सांगतो की लहान मूल वर्षाला शेकड्यांनी शब्द शिकतं, तर मोठ्या माणसाची गती वर्षाला पंचवीस ते पन्नास शब्दांवर येते. ती गती परत वाढवणं हा पुस्तकाचा उद्देश आहे.

आता हे कुणाला उद्देशून आहे ते बघा. ज्याची रोजची भाषा इंग्रजीच आहे, जो शाळेत, घरात, दुकानात इंग्रजीच बोलतो आणि ज्याला आता थोडं भारदस्त बोलायचं आहे, त्या अमेरिकन वाचकाला. त्याच्याकडे साधे आठ-दहा हजार शब्द आधीपासून आहेत. त्याला वरचा मजला बांधायचा आहे. आपल्यापैकी अनेकांना अजून खालच्या मजल्याच्या भिंती भरायच्या आहेत.

जे चांगलं आहे ते आधी

लुईस शब्द नुसता वाचू देत नाही. तो लगेच विचारतो, परत विचारतो, दोन पानांनी पुन्हा विचारतो. अर्थ दिला तर शब्द आठवा, शब्द दिला तर अर्थ आठवा. ही पद्धत पक्क्या पायावर उभी आहे. कार्पिके आणि रोडिगर यांनी 2008 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. विद्यार्थ्यांना स्वाहिली आणि इंग्रजी शब्दांच्या 40 जोड्या शिकवल्या. एकदा आठवलेल्या जोड्यांचं पुढे काय करायचं, हा फरक ठेवला. काहींनी त्यांवर स्वतःची परीक्षा घेणं चालू ठेवलं, काहींनी परीक्षा थांबवून त्या फक्त पुन्हा पुन्हा वाचल्या. आठवड्याने पाहिलं तर परीक्षा देत राहिलेल्यांना सुमारे 80 टक्के जोड्या आठवत होत्या आणि नुसतं वाचणाऱ्यांना 35 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे हायलायटरने पिवळी केलेली पानं तुमची नसतात, डोळे मिटून आठवलेले शब्द तुमचे असतात. लुईसला हे 1949 मध्येच कळलं होतं. त्याची ही सवय जरूर उचला.

शब्दांच्या मुळांची गोडी लावणं ही त्याची दुसरी जमेची बाजू. पण तिला एक मर्यादा आहे, तिच्याकडे पुढे येतो.

पहिला आक्षेप : शब्द कोणते निवडले?

संशोधनाच्या इंग्रजीत कोणते शब्द लागतात हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, ते मोजलेलं आहे. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली 'अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट' प्रसिद्ध केली. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान अशा चार शाखांतले 28 विषय घेतले, सुमारे 35 लाख शब्दांचा मजकूर गोळा केला, आणि इंग्रजीतले सर्वांत नेहमीचे 2,000 शब्द बाजूला काढून उरलेल्यांपैकी कोणते शब्द सगळ्या शाखांत वारंवार येतात ते पाहिलं. हाती आली 570 शब्दकुलं. शब्दकुल म्हणजे 'अ‍ॅनलाइझ'बरोबर 'अ‍ॅनॅलिसिस', 'अ‍ॅनॅलिटिकल' वगैरे सगळं कुटुंब एकत्र धरायचं. ही 570 कुलं अभ्यासाच्या मजकुराचा जवळजवळ 10 टक्के भाग व्यापतात. कथा-कादंबऱ्यांत त्यांचा वाटा दीड टक्क्याहूनही कमी आहे.

आता लुईसची चार प्रकरणं घ्या: स्वभाव, डॉक्टर, खोटारडे आणि बोलण्याच्या सवयी. त्यांतले मुख्य शब्द 40. इगोटिस्ट, मिसॅन्थ्रोप, ऑब्स्टेट्रिशियन, इन्कॉरिजिबल, ग्लिब, टॅसिटर्न, लोक्वेशस असे. मी ते कॉक्सहेड यांच्या यादीशी ताडून पाहिले. 40 पैकी एकही शब्द त्या 570 मध्ये नाही. उलट 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'कन्स्टिट्यूट', 'इंडिकेट', 'व्हेरी', 'अ‍ॅट्रिब्यूट' हे शब्द तुम्हाला जवळपास प्रत्येक पेपरात भेटतील. त्यांच्याकडे कुणी 'अवघड शब्द' म्हणून बघत नाही, म्हणून ते शिकवतही नाही. 'टॅसिटर्न' पाठ असलेला विद्यार्थी 'अकाउंट फॉर' या दोन सोप्या शब्दांपाशी अडतो, कारण त्याला 'अकाउंट' म्हटलं की बँक आठवते.

याचा अर्थ लुईसचे शब्द निरुपयोगी आहेत असा नाही. इंग्रजी साहित्यात पीएच.डी. करणाऱ्याला 'मिसॅन्थ्रोप' पहिल्याच आठवड्यात लागेल. पण मृदाशास्त्र, वाणिज्य, शिक्षणशास्त्र किंवा समाजकार्य घेणाऱ्याने सहा महिने खोटारड्यांचे दहा प्रकार पाठ करणं म्हणजे पेरणीच्या दिवसांत अंगणात रांगोळी काढत बसणं आहे.

किती शब्द पुरतात?

एक हिशेब करून बघू. शब्दसंग्रहाच्या अभ्यासात पॉल नेशन हे मोठं नाव. 2006 मध्ये त्यांनी मांडलं की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीविना वाचायचं तर मजकुरातले 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, आणि त्यासाठी 8 ते 9 हजार शब्दकुलं लागतात. बॅटिया लॉफर यांनी त्याआधी 95 टक्क्यांची किमान रेषा सुचवली होती. फरक तीन टक्क्यांचाच दिसतो ना? 8,000 शब्दांचा एक पेपर घ्या. 98 टक्के ओळख असेल तर 160 ठिकाणी अडाल, 95 टक्के असेल तर 400 ठिकाणी.

इथे बरेच जण घाबरतात. आठ-नऊ हजार! रोज दहा शब्द धरले तरी अडीच वर्षं. पण तुम्ही शून्यापासून सुरुवात करत नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. शिवाय तुम्हाला सगळं इंग्रजी वाचायचं नाही, तुमच्या विषयाचं वाचायचं आहे. एका विषयाचे पेपर तेच तेच शब्द घोळवत असतात. पहिल्या पेपरात तुम्ही दीडशे ठिकाणी अडलात, तर त्याच विषयाच्या दहाव्या पेपरात निश्चितच कमी ठिकाणी अडाल. म्हणून 'आधी शब्द, मग पेपर' हा क्रमच चुकीचा आहे. विषयाचे शब्द विषयाच्या पेपरांतच जमतात.

दुसरा आक्षेप : मुळं अर्थ सांगत नाहीत

लुईसचा सगळा भर मुळांवर आहे. मूळ कळलं की शब्द आपोआप उलगडतो असं वाचकाला वाटायला लागतं. पण हे आपल्याला संस्कृत-मराठीतून आधीच माहीत असायला हवं. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार: धातू एकच, 'हृ'. तो धातू माहीत असलेल्या परक्या माणसाला 'संहार'चा अर्थ ओळखता येईल का? नाही येणार. मात्र अर्थ कळल्यावर तो शब्द लक्षात ठेवायला धातूची मदत होईल. इंग्रजीतही तसंच आहे. 'प्रोजेक्ट', 'रिजेक्ट', 'सब्जेक्ट', 'ऑब्जेक्ट' या चौघांच्या मुळाशी लॅटिनमधलं 'फेकणे' आहे. पण संशोधनात 'सब्जेक्ट' म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला ती व्यक्ती, हे 'खाली फेकलेला' या अर्थावरून कधीच कळणार नाही. मूळ हा स्मरणाचा खिळा आहे. त्यावर अर्थ टांगायचा असतो, आणि तो अर्थ वाक्यातूनच आणावा लागतो.

तिसरा आक्षेप : ओळखीचे शब्द जास्त फसवतात

माझ्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा, आणि लुईसच्या पुस्तकात त्याला जागाच नाही. असणार तरी कशी? त्याचा वाचक मराठी बोलत नव्हता.

आपण इंग्रजी शब्द दोनदा शिकतो. एकदा मराठीतून, मग इंग्रजीतून. खापरखेड्यातला कुणीही 'युनिट' शब्द जाणतो. इथे वीज केंद्रात 210 मेगावॉटची चार आणि 500 मेगावॉटचं एक, अशी युनिटं आहेत. घरी बिलावर 'युनिट' म्हणजे किलोवॉट-तास. पण संशोधनातलं 'युनिट ऑफ अ‍ॅनॅलिसिस' म्हणजे तुमचा निष्कर्ष ज्याच्याबद्दल आहे ती गोष्ट: एक व्यक्ती, एक कुटुंब की एक गाव? मुलाखती घरोघरच्या घेतल्या आणि निष्कर्ष गावाबद्दल काढला, तर गाईड नेमकं इथेच बोट ठेवतात.

'क्रिटिकल' घ्या. दवाखान्यात 'पेशंट क्रिटिकल आहे' म्हणजे जिवाचं काही खरं नाही. शेजारी कोराडीत 660 मेगावॉटचे 'सुपरक्रिटिकल' संच आहेत. तिथे 'क्रिटिकल' म्हणजे तापमान आणि दाबाचा तो बिंदू, ज्याच्या पुढे पाणी आणि वाफ हा भेद उरत नाही. आणि 'क्रिटिकल रिव्ह्यू' मागितला की तिथे चिकित्सक असा अर्थ: तपासून, गुणदोष दाखवून. अनेक जण याचा अर्थ 'टीका करा' असा घेऊन पूर्वीच्या संशोधकांना झोडपत सुटतात. 'आय हॅव अ डाउट' आपण वर्गात प्रश्न विचारायला म्हणतो, पण पेपरात 'वी डाउट' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं की तुमचा त्या निष्कर्षावर विश्वास नाही. 'कंट्रोल', 'पॉवर', 'नॉर्मल', 'मीन' हे सगळे शाळकरी शब्द, आणि संख्याशास्त्रात प्रत्येकाचा अर्थ वेगळा.

या यादीतला सर्वांत धोकादायक शब्द 'सिग्निफिकंट'. रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ महत्त्वाचा, लक्षणीय. संख्याशास्त्रात अर्थ असा, की खरोखर काहीच फरक नसता तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे. मराठी पुस्तकांत यासाठी 'सार्थकता' शब्द आहे. आता समजा, राखेच्या बंधाऱ्याजवळच्या सहा विहिरी आणि लांबच्या सहा विहिरी तपासल्या आणि अहवालात आलं, 'नो सिग्निफिकंट डिफरन्स'. याचा अर्थ 'पाण्यात महत्त्वाचा फरक नाही, निर्धास्त प्या' असा होत नाही. 'इतक्या नमुन्यांवरून फरक आहे असं म्हणता येत नाही', एवढाच होतो. विहिरी वाढवल्या तर कदाचित फरक दिसेलही.

हा शब्दच्छल नाही. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. सारांश मराठीत येतो, आतली शेकडो पानं बहुधा इंग्रजीतच असतात. त्या सारांशात 'सिग्निफिकंट'चं भाषांतर 'महत्त्वाचा' झालं की 'सार्थ', हे ओळखू शकणारं माणूस गावात असायला हवं. तो माणूस 'लोक्वेशस' येणारा नसला तरी चालेल.

मग कॉक्सहेड यांची यादीच पाठ करायची का?

नाही. तिच्यावरही आक्षेप आहेत, आणि ते नोंदवल्याशिवाय हे परीक्षण एकतर्फी होईल. पहिला असा, की बाजूला काढलेले नेहमीचे 2,000 शब्द मायकेल वेस्ट यांच्या 1953 च्या यादीतले आहेत. ती यादी आता फार जुनी झाली आहे. शिवाय 'मीन' आणि 'पॉवर' यांसारखे साधे शब्दच संशोधनात वेगळा अर्थ घेऊन येतात, हे आपण आत्ताच पाहिलं. दुसरा आक्षेप केन हायलंड आणि पॉली त्से यांनी 2007 मध्ये मांडला: सगळ्या शाखांना मिळून एकच अभ्यासू शब्दसंग्रह आहे असं धरणंच शंकास्पद आहे, कारण तोच शब्द वेगवेगळ्या शाखांत वेगळ्या अर्थाने आणि वेगळ्या सोबत्यांबरोबर येतो. 'व्हॉल्यूम' रसायनशास्त्रात घनफळ, ग्रंथालयात खंड. पुढे 2014 मध्ये गार्डनर आणि डेव्हिस यांनी 12 कोटी शब्दांच्या मजकुरावरून नवी यादी केली आणि वेस्ट यांच्या यादीचा आधार सोडून दिला. तरी प्रश्न उरतोच. यादी शब्द देते, वाक्य देत नाही.

आणि लिहायची वेळ वाक्यावर येते. आपल्या भाषेत सांगायचं तर खापरखेडा केंद्राची स्थापित क्षमता 1,340 मेगावॉट आहे, पण म्हणून रोज तेवढी वीज निघते असं नाही. ओळखता येणारे शब्द ही तुमची क्षमता, वापरता येणारे शब्द ही प्रत्यक्ष निर्मिती. 'कन्क्लूजन' ओळखता येतो, पण त्याच्याबरोबर 'ड्रॉ' लागतं हे माहीत नसतं. मग 'टेक' लिहिलं जातं. 'डिस्कस'च्या मागे 'अबाउट' येतं, 'रिसर्च'चं 'रिसर्चेस' होतं. आणि योग्य क्रियापद सापडेना की दुसऱ्याच्या पेपरातलं वाक्य दोन शब्द बदलून उचललं जातं. वाङ्मयचौर्याच्या पुष्कळ प्रकरणांच्या मुळाशी लबाडीपेक्षा क्रियापदांची टंचाई असते असं मला वाटतं. पण तपासणारं सॉफ्टवेअर हेतू विचारत नाही.

मग करायचं काय?

लुईस घरात असेल तर ठेवा. झोपताना एक प्रकरण सोडवा, मजा येते. सकाळचा ताजा वेळ मात्र त्याला देऊ नका. त्या वेळात हे करा.

तुमच्या विषयातले पाच पेपर निवडा. शक्यतो एकाच प्रश्नावरचे. पहिला पेपर वाचताना प्रत्येक अनोळखी शब्दावर थांबू नका, खूण करून पुढे जा. पाचही संपल्यावर जे शब्द दोनपेक्षा जास्त पेपरांत आले तेवढेच वहीत घ्या. बाकीचे सोडून द्या, लागले तर परत येतील.

वहीत शब्दापुढे नुसता अर्थ लिहू नका. चार गोष्टी लिहा: ज्या वाक्यात सापडला ते पूर्ण वाक्य, त्याच्या मागेपुढे येणारे सोबती, मराठी पारिभाषिक शब्द, आणि तुमच्या विषयावर तुम्ही केलेलं एक वाक्य. मराठी पारिभाषिक शब्दासाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, ते बघा. हा रकाना वायफळ समजू नका. 'अझम्प्शन' म्हणजे गृहीतक आणि 'हायपोथेसिस' म्हणजे परिकल्पना, हा फरक मराठीत पक्का नसेल तर इंग्रजी शब्द पाठ करून तो पक्का होत नाही. गृहीतक आपण धरून चालतो, परिकल्पना आपण तपासतो. सिनॉप्सिसमध्ये या दोघांची अदलाबदल झालेली असते तेव्हा चूक इंग्रजीची नसते.

वहीत एक पान वेगळं ठेवा: 'ओळखीचे वाटणारे'. क्रिटिकल, युनिट, सिग्निफिकंट, पॉवर, कंट्रोल यांना तिथे बसवा आणि प्रत्येकाचा गावातला अर्थ व पेपरातला अर्थ समोरासमोर लिहा. हे पान कुठल्याच पुस्तकात छापलेलं मिळणार नाही.

आणि लुईसची सवय इथे वापरा. उजवी बाजू झाकून आठवा. दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी. जे आठवलं नाही ते परत पहिल्या दिवसावर आणा.

दिवसाला दहा शब्दांची हाव नको. पाच पुरेत, पण पाचही वाक्यासकट. तीन महिन्यांनी साडेचारशेच्या आसपास शब्द होतील आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तोवर तुमचे वीसेक पेपर वाचून झालेले असतील. प्रवेशाच्या मुलाखतीत "या विषयावर काय काय वाचलंत?" असं विचारतात, तेव्हा पुढे ठेवायला तेच वीस पेपर असतात.